दुसऱ्या कपाची किटली

मी एक जुनी तांब्याची किटली आहे. मित्रांनो, भांडी आपली गोष्ट सांगायला बसली की आधी आपली चकाकी सांगतात. मी माझी लाज सांगणार आहे. दूर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या आस्पनेस गावातले एल्वीचे कॉफीघर बंद पडले. माझ्या देखत बंद पडले, आणि ज्यांच्यामुळे पडले ती सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसे होती. आता बोला!

पण पहिल्यापासून सांगते. माझा जन्म एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. हा तांबट नदीच्या वरच्या अंगाला राहायचा. त्याने तांब्याचा पत्रा घेतला आणि ठोक ठोक ठोकला. फार दुखले, पण त्याशिवाय भांड्याला पोट येत नाही. मग त्याने मला तोटी लावली, लाकडी मूठ बसवली आणि आतून पांढरीशुभ्र कल्हई केली. "कल्हई झिजली की परत घेऊन यायचं हां," असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. "नुसतं बाहेरून घासत बसू नका. भांडं आतून बिघडतं." तेव्हा मला ती म्हाताऱ्याची बडबड वाटली होती.

मला विकत घेतले थीराने. थीरा म्हणजे एल्वीची सासू. सॉमिलच्या कामगारांसाठी ती दुपारचे जेवण करायची आणि जेवणानंतर कॉफी द्यायची. पहिला कप ती गल्ल्यापाशी स्वतः भरून द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायची. दुसरा कप मात्र ज्याने त्याने उठून माझ्यातून ओतून घ्यायचा. त्याचे पैसे नाहीत. आमच्याकडे ही जुनी रीतच आहे. थीरा म्हणायची, "पहिल्या कपाला माणूस गिऱ्हाईक असतो, दुसऱ्या कपाला पाहुणा होतो. पाहुण्याकडून कोणी पैसे घेतं का?" मी त्या दुसऱ्या कपाची किटली होते. खिडकीजवळच्या शेगडीवर माझी जागा होती.

काय दिवस होते ते! हिवाळ्यात कामगार आत यायचे ते मिशांवर बर्फ घेऊनच. माझ्यात जाड दळलेली कॉफी पडायची. एक उकळी, मग जरासा दम, मग दुसरी उकळी, आणि वरून थंड पाण्याचा हबका मारला की चोथा मुकाट तळाशी बसायचा. त्यांच्यातला हेल्मेर तेव्हा तरुण होता. तो दातांत साखरेचा खडा धरायचा, कॉफी बशीत ओतायचा आणि असा भुरका मारायचा की शेजारचा दचकावा. "बरी झालीय का रे?" थीरा विचारायची. हेल्मेर बोलायचा नाही. आमच्या भागात हो म्हणायला शब्द लागत नाही, ओठांतून श्वास सुर्रकन आत ओढला की हो झाले. त्या एका सुर्रसाठी मी दिवसभर विस्तवावर बसायला तयार असायची.

बोलायला लाजणारी माणसे ही. परडीतला शेवटचा पाव कोणी म्हणून उचलणार नाही. एक जण त्यातला अर्धा तोडेल, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, तिसरा त्याचाही अर्धा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा परडीत वाळत पडेल. त्याला आम्ही लाजेचा तुकडा म्हणतो. तो खाल्ला तर चारचौघांत हावरट ठरू, ही प्रत्येकाला भीती. संध्याकाळी थीरा तो पाखरांना टाकायची. "या गावात पाखरंच तेवढी पोटभर जेवतात बाई," असे म्हणायची.

पुढे थीरा गेली. सॉमिलही बंद झाली. कॉफीघर एल्वीच्या हाती आले. तिने पहिल्या कपासाठी नवे यंत्र आणले, पण मला जागेवरून हलवले नाही. "हिला हात लावला तर सासूबाई स्वप्नात येऊन कान पिळतील," म्हणाली. गुरुवारी ती वाटाण्याचे सूप आणि गोड धिरडी करायची, आणि त्या दिवशी तर खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या व्हायच्या. उन्हाळ्यात बाहेरगावचे लोक माझे फोटो काढायचे. मी फुगून जायची. एल्वी मला रोज घासून लख्ख करायची, बाहेरून. तांबट केव्हाच वारला होता आणि आतली कल्हई कडेकडेने झिजू लागली होती, ते कोणी पाहिले नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर तिघे ठरलेले. एक हेल्मेर, आता बायको गेलेला, गुडघे दुखणारा. दुसरा सिक्स्टेन, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. तिसरी मायलिस, गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलेली बाई. हे तिघे म्हणजे माझे घरचे लोक. दुसरा कप घेताना हेल्मेर माझ्या मुठीवर हात ठेवून क्षणभर थांबायचा. हात शेकायला थांबतो असे सगळ्यांना वाटायचे. मला वाटायचे, तो माझी विचारपूस करतो.

मग गावातली खाण्यापिण्याची ठिकाणे एकेक करून बंद होऊ लागली. आधी स्टेशनसमोरचे पिझ्झाचे दुकान गेले. मग नदीकाठचे जुने हॉटेल गेले.

"अरेरे!" मायलिस म्हणाली. "माझं फार आवडतं होतं गं ते हॉटेल."

"शेवटची कधी गेली होतीस तिथं?" सिक्स्टेनने विचारले.

मायलिसने चमचा फिरवला, बाहेर पाहिले आणि हळूच म्हणाली, "माझ्या लग्नाच्या जेवणाला."

तिघेही हसले. मीही उकळता उकळता हसले. ते हसू आता आठवले की नकोसे होते.

त्यानंतर कॉफी महागली. दूर कुठे कॉफीच्या मळ्यांत पाऊस आला नाही म्हणे, कुठे नको तेव्हा आला म्हणे. त्याचा चटका आमच्या एवढ्याशा शेगडीपर्यंत पोहोचला. पुड्यावरचा आकडा प्रत्येक खेपेला नवा. वीज महागली, लोणी महागले, जागेचे भाडे वाढले, पण एल्वीला सगळ्यांत जास्त कॉफीने घाबरवले, कारण कॉफीवरच तर तिचे घर चालत होते. तिने पहिल्या कपाची किंमत एकदा वाढवली. मग परत वाढवली. दोन्ही वेळा ती टेबलाटेबलाशी जाऊन अशी माफी मागत फिरली, जणू कोणाच्या घरात चोरी केली आहे.

"असू दे गं, सगळीकडेच वाढलंय," लोक म्हणायचे. तरी तिचे कान लाल ते लालच.

तिसऱ्यांदा किंमत वाढवायचा तिला धीर झाला नाही. तिने माझ्यात पूड कमी टाकली. चमचा भरायचा, पुड्यावर धरायचा आणि त्यातली थोडी परत पुड्यात झटकायची. झटकताना ती माझ्याकडे पाहायची नाही. मित्रांनो, माझ्या तोटीतून जे पडायचे ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. कपाचा तळ दिसायचा! हेल्मेरने भुरका मारला आणि डोळे मिटले. सुर्रही नाही.

तेही पुरेना. शेवटी एके सकाळी एल्वीने एक पुठ्ठा घेतला आणि माझ्या शेजारी टेकवून ठेवला. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते, 'दुसरा कप, पाच क्रोनर.' इतक्या बारीक अक्षरात, की वाचायला वाकावे लागे. शेजारी नाणी टाकायला एक डबा ठेवला. "सासूबाई, रागावू नका," असे पुटपुटली. आणि मग तिने एक चूक केली. कोणी दुसऱ्या कपासाठी उठले की ती भराभर स्वयंपाकघरात निघून जाऊ लागली. कोण डब्यात टाकतो नि कोण नाही, हे आपण पाहतो असे कोणाला वाटू नये म्हणून.

खिडकीजवळच्या टेबलावर काय झाले ते मी माझ्या कानांनी ऐकले.

"वाचलंस?" सिक्स्टेन कुजबुजला.

"वाचलं," मायलिस म्हणाली. "पाच क्रोनर काही जड नाहीत रे. पण एल्वीनं पुठ्ठा लावला म्हणजे बिचारी किती मेटाकुटीला आली असेल, विचार कर."

"आपण उठलो की आत जाते, पाहिलंस? बघवत नसेल तिला. आपणही घोड्यासारखे ढोसतो."

"मग नकोच घ्यायला," हेल्मेर म्हणाला. "तेवढीच तिची कॉफी वाचेल."

तिघांनी एकदम श्वास आत ओढला. सुर्र! ठराव मंजूर झाला.

अरे बाबांनो, पुठ्ठा मागत होता तेवढे तरी डब्यात टाका की! मी आतल्या आत उकळत राहिले, पण किटलीचे कोण ऐकते? त्यांनी दुसरा कप सोडला. त्यांचे पाहून बाकीच्यांनीही सोडला. संध्याकाळी एल्वी माझे झाकण उघडायची तर मी तोंडापर्यंत भरलेली. "पातळ झालीय. कोणालाच आवडत नाही," असे म्हणून ती मला मोरीत पालथी करायची. वाचवलेली सगळी कॉफी रोज मोरीत जात होती, आणि तिघे मात्र आपण केवढा त्याग करतो म्हणून घरी जात होते. एकाने तरी तोंड उघडायचे! पण नाही. तिने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

एका कपावर तासभर बसायची त्यांना लाज वाटू लागली. म्हणून लवकर उठू लागले. मग लवकर उठायची लाज वाटू लागली, म्हणून एक दिवसाआड येऊ लागले. सिक्स्टेनने पोटाचे कारण काढले. मायलिस म्हणाली, डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली आहे. हेल्मेरला खोटे बोलता येत नाही, म्हणून त्याने यायचेच बंद केले.

आमच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, पेट्रोलपंप आहे. तिथे कॉफीचे यंत्र आहे. बटण दाबले की कागदी कप भरतो. आणि यंत्रापुढे कोणाला लाजावे लागत नाही.

एकदा एल्वी पायरीवरच्या बर्फावर वाळू टाकायला बाहेर गेली. दार उघडेच होते. तेवढ्यात हेल्मेर पंपावरून कागदी कप घेऊन निघाला आणि रस्त्याच्या मधोमध तिला पाहून जागीच थबकला. पळता येईना, कारण गुडघा. त्याने काय करावे? कप कोटाच्या आत घातला आणि वरून हाताने दाबून धरला. ताकाला जाऊन भांडे लपवतात म्हणतात, ते असे.

"काय हेल्मेर, दिसत नाहीस हल्ली," एल्वी म्हणाली.

"हो... म्हणजे... कामं असतात गं."

"गुडघा कसा आहे?"

"आहे आपला."

"डोळ्यांतून पाणी येतंय तुझ्या."

"थंडी फार आहे," हेल्मेर म्हणाला. बिचाऱ्याची छाती भाजत होती! कोटाखालून एक तपकिरी ओघळ आला आणि त्याच्या बुटापाशी बर्फावर टपटप पडू लागला. दोघांनीही खाली पाहिले. दोघांनीही ते पाहिले नाही असे दाखवले.

"बरं मग, सांभाळून जा," एल्वी म्हणाली.

ती आत आली, दार लावले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "पंपावरची पितो," ती मला म्हणाली. "आणि तीसुद्धा माझ्यापासून लपवून. इतकी का वाईट झालीय माझी कॉफी?" तिने पदरासारखे एप्रन तोंडाला लावले. मला कधी नव्हे ते वाटले, माझे हात असते तर! त्याच आठवड्यात तिने जागेच्या मालकाला फोन केला.

दारावर कागद लागला. 'शनिवारी शेवटचा दिवस.' या वेळी अक्षरे मोठी होती.

आणि शनिवारी काय सांगू! दार उघडायच्या आधीपासून रांग. जे वर्षात एकदा फिरकले नव्हते तेही फुले घेऊन आले. "तुझ्यासारखे दालचिनीचे पाव जगात कुठे मिळत नाहीत एल्वी!" "तुझ्या कॉफीघराशिवाय गावात उरलं काय?" एक बाई तर रडली, आणि रडता रडता तिने विचारले की स्वच्छतागृह कुठे आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध! एल्वी सगळ्यांना हसून धन्यवाद देत होती आणि मधूनच मागे वळून डोळे पुसत होती. त्या दिवशी तिने पुठ्ठा फाडून टाकला होता आणि माझ्यात मापभर पूड टाकली होती, थीराच्या मापाने. किती दिवसांनी मला माझा वास आला!

लोकांनी माझ्यातून दुसरा कप घेतला, कोणी तिसराही. पण तळाशी एक कप उरला आणि सगळे माझ्याभोवती घुटमळू लागले. "तू घे." "छे, तू घे." "माझं झालंय." परडीतही पावाचा नखाएवढा तुकडा उरला होता.

तेव्हा मायलिस उभी राहिली. शाळेतला तिचा आवाज परत आला होता.

"हा बघा लाजेचा तुकडा!" ती परडी उचलून म्हणाली. "आपण हेच केलं. अख्खं कॉफीघर ताटात ठेवून दिलं, दुसरं कोणीतरी घेईल म्हणून. एल्वी, तुझी कॉफी वाचावी म्हणून आम्ही दुसरा कप सोडला गं."

एल्वी तिच्याकडे बघतच राहिली. "माझी कॉफी वाचावी म्हणून?"

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला ती गिळवत नाही."

सिक्स्टेनने टोपी काढली आणि उगाच परत घातली. मग तो म्हणाला, "मग बंद नको ना करूस. आम्ही येतो की रोज."

"सही झाली रे," एल्वी म्हणाली. "सोमवारी किल्ली द्यायचीय. इथं पार्सलची कपाटं येणार आहेत, आकडे दाबून ज्यानं त्यानं आपलं पार्सल काढून न्यायचं."

त्या सगळ्या गर्दीत एक माणूस नव्हता. हेल्मेर. तो पंपापाशी उभा होता, रिकाम्या हातांनी, आणि आत यायचा त्याला धीर होत नव्हता. एल्वीने खिडकीतून त्याला पाहिले. तिने माझे झाकण घट्ट लावले, मला टॉवेलात गुंडाळले आणि सिक्स्टेनच्या हातात दिले. "शेवटचा कप त्याचा आहे," ती म्हणाली. "किटलीही त्यालाच राहू दे. मला आता हिच्याकडे बघवणार नाही."

अशी मी हेल्मेरच्या घरी आले. त्याने माझ्यातला थंड कप बशीत ओतला आणि पिऊन टाकला, चोथ्यासकट. मग बराच वेळ टेबलावर डोके टेकून बसला.

त्यानंतर तो रोज सकाळी माझ्यात दोन कपांची कॉफी करायचा. एक प्यायचा. दुसऱ्यासाठी फोनपाशी जायचा, फोनवर हात ठेवायचा आणि परत यायचा. दुसरा कप मोरीत. एल्वीचे घर त्याच चढावर वर होते, खिडकीतून तिची चिमणी दिसायची. काय म्हणायचे तिला? भाजलेल्या छातीचा डाग अजून गेला नव्हता. लाज माणसाला उपाशी ठेवते, आणि वर त्यालाच शहाणे म्हणते.

नदीवरचा बर्फ फुटला तेव्हा एक दिवस त्याने माझ्या आत वाकून पाहिले. कल्हई गेली होती, तांबे उघडे पडले होते. "अगं, तुझ्याकडे तर कोणी पाहिलंच नाही," तो म्हणाला. मला घेऊन तो बसने शहरात गेला. तिथे एक म्हातारा अजून कल्हई करतो. विस्तवावर ठेवून त्याने मला आतून पुसले तेव्हा किती भाजले म्हणून सांगू! पण मित्रांनो, ते भाजणे चांगले होते.

दुसऱ्या दिवशी हेल्मेरने माझ्यात मापभर कॉफी उकळली, मला लोकरी टोपीत बसवले आणि चढावाला लागला. या वेळी कोटाखाली नाही. दोन्ही हातांत, छातीपुढे, साऱ्या गावाला दिसेल अशी. माझ्या तोटीतून वाफ निघत होती. पूर्वीच्या कॉफीघराच्या खिडकीत पार्सलची राखाडी कपाटे होती, तिथे तो थांबला नाही. एल्वीच्या दाराशी येऊन त्याने कोपराने दार ठोठावले.

दार उघडले. एल्वीने त्याला पाहिले, मग मला पाहिले.

"कॉफी आणलीय," हेल्मेर म्हणाला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. "पहिला कप मी घरी घेतला. हा दुसरा. एकट्यानं जात नाही गं."

एल्वीने दाराची कडी हातात तशीच धरून ठेवली. मला वाटले, संपले. मग ती म्हणाली, "पाच क्रोनर पडतील."

"लाजवू नकोस एल्वी."

"चांगली झालीय का पण?"

हेल्मेरने ओठांतून श्वास आत ओढला. सुर्र! एल्वी दारातून बाजूला सरकली आणि तिने बशा काढल्या.

मित्रांनो, मी आता दोन घरांची किटली आहे. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. तरी चढावरून जाताना ती राखाडी कपाटे दिसली की माझी तोटी खाली जाते. तुमच्या गावात तुमचे एखादे आवडते ठिकाण असेल, तर ते आवडते हे त्याच्या मालकिणीला ती जिवंत असताना, शेगडी पेटलेली असताना, तोंडाने सांगा. किंमत वाढली तर का वाढली, तेही तोंडाने विचारा. भांड्याला आतून पाहा. आणि परडीत शेवटचा तुकडा उरला असेल, तर कृपा करून उचला आणि खाऊन टाका.